वसंताचा आग्रह धरणारे जॉन बॅसेट

टोरांटोतील मातब्बर वृत्तपत्र घराण्यात १९३९ साली जन्मलेले जॉन बॅसेट अमेरिकन फुटबॉलचा व्यवसाय ठेच खाऊन शिकले. १९७४ मध्ये ‘वर्ल्ड फुटबॉल लीग’ या नव्या स्पर्धेतील आपल्या संघासाठी त्यांनी मायामीचे तीन नामांकित खेळाडू सुमारे ३५ लाख डॉलर मोजून करारबद्ध केले. १९७५ च्या हंगामाच्या मध्यावरच ती लीग कोसळली.

१९८३ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग’ वसंत ऋतूत सुरू झाली. तीत बॅसेट यांचा ‘टॅम्पा बे बँडिट्स’ हा संघ लोकप्रिय ठरला. शरदातील मैदान प्रस्थापित ‘नॅशनल फुटबॉल लीग’चे, हे ते ओळखून होते. मात्र न्यूजर्सी संघाचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मालकांनी १९८६ पासून शरदात उतरण्याचे ठरवले. बॅसेट यांनी कडाडून विरोध केला, स्वतंत्र वसंत-लीगचा बेतही आखला. पण मेंदूच्या कर्करोगाने त्यांना गाठले. मे १९८६ मध्ये, ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जुलैमध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’विरुद्धच्या खटल्यात त्यांच्या लीगला भरपाई मिळाली एक डॉलर, कायद्याने तिप्पट होऊन तीन. शरदातला एकही सामना न खेळता ती संपली. वसंतात उतरणाऱ्या प्रत्येक नव्या लीगला बॅसेट यांचा हिशेब आजही मांडावा लागतो.