ड्रममधली पांढरी बुरशी

मागच्या पावसाळ्यात अकोल्याच्या आमच्या अंगणात, ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये पांढरीशुभ्र बुरशी दिसली आणि मी घाबरून सगळं फेकून दिलं. सासूबाई अमरावतीकडच्या, सारा जन्म वावरात गेलेला. त्या खूप हळहळल्या. अशी बुरशी धरली म्हणजे खत पिकायला लागलं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. मला मात्र ते सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्याविषयी वाचल्यावर पटलं!

इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरी १८७३ साली जन्मलेले हॉवर्ड सुरुवातीला वेस्ट इंडीजमध्ये उसावरच्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करायचे. म्हणजे बुरशी त्यांचीही शत्रूच. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसाला आले. त्याच वर्षी गॅब्रिएल यांच्याशी लग्न झालं. त्या केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. गव्हाच्या नव्या वाणांवर दोघांनी जोडीनं काम केलं.

१९२४ साली दोघं इंदूरला आले. तिथं कापसावर संशोधन चाले आणि माती आपल्या वऱ्हाडासारखीच काळी. हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्यांनाच गुरू मानलं. पऱ्हाट्या, तुराट्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चुरडू द्यायच्या. मग काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, अधूनमधून खालीवर करायचं. तीनेक महिन्यांत खत तयार! हीच इंदूर पद्धत. तिच्यावरचं पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी मिळून १९३१ मध्ये काढलं. ते बघायला गॅब्रिएल नव्हत्या. आदल्याच वर्षी त्या वारल्या.

इंग्लंडला परतल्यावर हॉवर्ड यांना डॉ. रेनर या संशोधक बाईंचं काम दिसलं. झाडांच्या मुळांत राहणारी बुरशी, मायकोरायझा, हा त्यांचा विषय. पुढे चहामळ्यांत फिरताना हॉवर्ड मुळं तपासू लागले. ही बुरशी झाडाला नेमकं काय देते, याचा त्यांचा अंदाज पुढे पुरता टिकला नाही. पण हे नातं महत्त्वाचं, हे खरंच ठरलं. मुळं पोचत नाहीत तिथून तिचे केसाहून बारीक तंतू स्फुरद आणि पाणी आणतात, बदल्यात झाड तिला साखर देतं. आपली कपाशी, तूर, ज्वारी, सगळ्यांचा हा संसार जमिनीखाली चाललेला असतो. ड्रममधली बुरशी वेगळी, ती कचरा कुजवते. पण तिच्या खतानं माती जिवंत राहते आणि मुळांतल्या बुरशीलाही ते मानवतं.

१९४० सालचं आपलं गाजलेलं पुस्तक हॉवर्ड यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केलं. १९४७ मध्ये ते गेले. आज सेंद्रिय शेतीवाले त्यांचं नाव आदरानं घेतात, गॅब्रिएल यांचं क्वचितच. मला ते खुपलं. आणि मग सासूबाईही आठवल्या. त्यांना तरी मी कुठं विचारलं होतं?

यंदा ड्रम पुन्हा भरलाय, त्यांना विचारून. तुम्हीही बांधावर पऱ्हाट्या पेटवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून बघा.