ताराबाई मोडक

आई पहाटे खुरपायला जाई, तेव्हा धाकट्याला मी सांभाळी. वडील नव्हते. माझी शाळा बुडे. पुढे कुर्डुवाडीत आमच्या गल्लीजवळ अंगणवाडी निघाली आणि मी पुन्हा वर्गात बसले. म्हणून ताराबाईंचे चरित्र मला परके वाटले नाही.

जन्म १८९२, मुंबई. पदवीधर झाल्या, लग्न होऊन अमरावतीस गेल्या. १९२१ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहानगी प्रभा. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या, केवढा मान! पण ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कामात गेल्या. लोकांना तो वेडेपणा वाटला असेल. मला मात्र त्यात एकट्या आईचा हिशेब दिसतो.

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले, १९४५ मध्ये बोर्डी गाठली. तेथे गरिबांची मुले बालवाडीत येईनात. मोठी भावंडे धाकट्यांना काखेत घेऊन हिंडत. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी सरकारी योजनेतल्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

हे सारे मी आईला वाचून दाखविले. त्या कामावर असताना प्रभेजवळ कोण बसे, एवढेच तिने विचारले.