सापाच्या इंजेक्शनाचा पहिला माणूस : डॉ. काल्मेट

पावसाळा लागला की पिंपळगाव राजाच्या शिवारात डवरणी, निंदण, रात्रीची जागल सुरू होते आणि सापही बाहेर निघतात. पुढे सोयाबीन सोंगताना, कुटाराच्या ढिगात किंवा पऱ्हाट्यांच्या गंजीत हात घालताना तीच धास्ती. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यातली बहुतेक आपल्यासारख्या खेड्यांतली. म्हणून आज बियाणे-खते बाजूला ठेवून एका माणसाची गोष्ट सांगतो.

शेतकरी बंधूंनो, डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीची खूण असते, ती आपल्यापैकी पुष्कळांना आहे. त्या बीसीजीतला 'सी' म्हणजे काल्मेट. क्षयाच्या लशीमुळे हे नाव जगभर झाले, पण त्याच्या कितीतरी आधी या डॉक्टरांनी नागाच्या विषावर पहिले उपयोगी औषध काढले होते.

अल्बर्ट काल्मेट यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजी फ्रान्समधल्या नीस गावी झाला. नौदलात डॉक्टर झाल्यावर त्यांनी हाँगकाँग पाहिले, आफ्रिका पाहिली. १८९० मध्ये पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत शिकले आणि १८९१ मध्ये पाश्चर यांनीच त्यांना व्हिएतनाममधल्या सायगावला प्रयोगशाळा काढायला पाठवले. काम होते देवीची आणि पिसाळलेल्या कुत्र्याची लस तयार करण्याचे. सापाचा विषय कोणाच्या डोक्यातही नव्हता.

त्याच वर्षी बाक लियू या भातशेतीच्या मुलखात महापूर आला. बिळांत पाणी शिरले आणि नाग उंचावरच्या घरांत घुसले. पूर्णाकाठच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. तिथे चाळीस जणांना दंश झाला, चार दगावले. एका गावकऱ्याने एकोणीस नाग जिवंत पकडले आणि ते पिंपात भरून सायगावला काल्मेट यांच्याकडे रवाना झाले. साप आपल्या पायांनी दाराशी आला म्हणतात तसेच झाले.

काल्मेट यांनी विष काढून प्राण्यांवर प्रयोग सुरू केले. आधी रसायने करून पाहिली, सोन्याचा क्षारसुद्धा. त्यात फारसे हाती लागले नाही. तेवढ्यात जर्मनीत घटसर्प आणि धनुर्वातावर रक्तातून औषध काढण्याची रीत निघाली होती, तीच त्यांनी सापाच्या विषाला लावली. आजारपणामुळे १८९३ मध्ये फ्रान्सला परतले तरी काम सोडले नाही. फेब्रुवारी १८९४ मध्ये त्यांनी आपले सीरम जाहीर केले. त्याच सुमारास फिझालिक्स व बर्ट्रांड या दोघांनीही पॅरिसलाच तसाच शोध मांडला, त्यामुळे मान वाटून द्यावा लागतो. पण घोडे पाळून, सीरम बाटल्यांत भरून दूरदेशी पोचवण्याचे काम काल्मेट यांनीच केले. १८९५ पासून लिल शहरातल्या नव्या संस्थेचे ते संचालक होते.

रीत समजायला सोपी आहे. घोड्याला सुरुवातीला अगदी नावापुरते विष टोचायचे आणि महिनोन्‌महिने मात्रा वाढवत न्यायची. शेवटी पहिल्या दिवशी दिले असते तर घोडा जागीच पडला असता, एवढे विष तो पचवतो. मग थोडे रक्त काढायचे, ते गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते ते सीरम. घोडा मरत नाही. आपण बैलाला लस टोचतो तेव्हा प्रतिकार त्याच्या अंगात तयार होतो, त्याला वेळ लागतो. सर्पदंशात तेवढा वेळ नसतो, म्हणून घोड्याने तयार केलेला प्रतिकार माणसाला आयता द्यायचा.

इथवर सगळे छान. पण नागावरचे आपले सीरम सगळ्याच सापांना चालते, असे काल्मेट मानत आणि तसे सांगतही. लिलच्या बाटल्या हिंदुस्थानातही येत. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांनी तिथल्या सापांच्या विषावर ते सीरम तपासले, तेव्हा ते पुरे पडेना. मग आपल्या मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आज जिला आपण हाफकिन संस्था म्हणतो तिथे, कॅप्टन जॉर्ज लॅम यांनी प्राण्यांवर काटेकोर प्रयोग केले. १९०३-०४ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष छापून आले. नागाच्या विषाला उतारा मिळत होता, घोणशीच्या विषापुढे तेच सीरम निकामी. घोणस म्हणजे आपल्याकडची परड. नागाचे विष श्वास बंद पाडते, परडीचे रक्ताचे गोठणेच बिघडवते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला कशी लागणार? काल्मेट यांनी हे सहजासहजी मान्य केले नाही. मोठ्या माणसाचा हट्टही मोठा असतो! पण पुढची सगळी वाट परळच्या या तपासणीने ठरवली. ज्या सापावर औषध हवे, त्याचेच विष घोड्याला टोचले पाहिजे, हे पक्के झाले.

लिलमध्येच १९०८ पासून काल्मेट यांनी कामील गेरँ या जनावरांच्या डॉक्टरांबरोबर गाईच्या क्षयाचे जंतू हाती घेतले. तेरा वर्षे, २३० वेळा, पित्त घातलेल्या बटाट्यावर ते जंतू वाढवून त्यांचा जोर मोडला. मध्ये महायुद्ध झाले, लिल जर्मनांच्या ताब्यात गेले, प्रयोगाला जनावरे मिळेनात. १९२१ मध्ये पहिल्या बाळाला बीसीजी दिली गेली. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक गावी ही लस दिलेली ७० हून अधिक बाळे दगावली. तिथल्या प्रयोगशाळेत लशीत क्षयाचे जिवंत, जोरकस जंतू मिसळले गेले होते. १९३२ मध्ये चौकशीअंती लस निर्दोष ठरली, पण तोवर काल्मेट खचले होते. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी पॅरिसला त्यांचे निधन झाले.

आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या सापाच्या इंजेक्शनात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचा उतारा एकत्र असतो. म्हणून साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची गरज नाही. त्या नादात वेळ जातो, दुसरा दंशही होतो. मांत्रिकाकडे गेलेला तासही परत येत नाही. डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात, तेव्हा नातेवाईक चिडतात की नुसते बसून राहिले. ते बसलेले नसतात. रक्त गोठते की नाही, यावरून परडीचे विष अंगात भिनले का ते कळते. घोड्याच्या सीरमने काहींना अंगावर गांधी उठतात, दम लागतो, म्हणून ते दवाखान्यातच, सलाईनमधून द्यावे लागते. लहान पोराला मात्राही मोठ्या माणसाएवढीच लागते. साप पोराला पाहून विष कमी सोडत नाही.

लॅम यांचा प्रश्न मात्र अजून चालू आहे. देशातल्या इंजेक्शनांसाठी लागणारे विष वर्षानुवर्षे मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष मुलखागणिक बदलते, हे आता प्रयोगांत दिसले आहे. तिकडच्या परडीवरचे सीरम आपल्या वावरातल्या परडीला किती लागू पडते, हे मुलूखवार तपासण्याचे काम शास्त्रज्ञांनी हाती घेतले आहे.