सोनखताचे उपासक

ज्या मैल्याकडे पाहून मनुष्य नाक मुरडतो, तोच मैला मातीत नीट कुजला म्हणजे पिकांचे अन्न होतो. म्हणूनच आपल्या शेतकऱ्यांनी त्या खताला सोनखत असे सुंदर नाव दिले. परंतु मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम समाजाने काही जातींवर लादले आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरविले. हा अन्याय दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन होत.

त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. उच्च शिक्षण पुरे झाल्यावर सुखाच्या जीवनाकडे पाठ फिरवून ते गांधीजींच्या कार्यात सामील झाले. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. पुढे रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम मागून घेतले. परंतु सवर्ण कैद्याला ते काम देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. तेव्हा अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. हे कळताच येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही डिसेंबर १९३२ मध्ये उपवास आरंभिला. अखेर सरकारला या प्रश्नाचा विचार करणे भाग पडले.

स्वतः हाती झाडू घेतल्यावर अप्पासाहेबांच्या ध्यानी एक गोष्ट आली. मैला वाहावा लागेल असे संडास जोवर आहेत, तोवर कोणाला तरी तो वाहावाच लागणार! तेव्हा केवळ उपदेश पुरेसा नाही; संडासच बदलला पाहिजे. १९४८ साली कणकवली येथे त्यांनी गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथे त्यांनी साधा, स्वस्त संडास सिद्ध केला. मैल्यावर माती, राख व पालापाचोळा टाकावयाचा. एक कप्पा भरला म्हणजे तो बंद करून दुसरा वापरावयाचा. काही महिन्यांनी पहिल्या कप्प्यात दुर्गंधी नसलेले खत तयार होई. कोकणातील मुसळधार पावसाने जमिनीचा कस वाहून जातो. तेथे या खताचे मोल केवढे असेल!

एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या म्हणजे चूल पेटते, पण शेत खताला मुकते. तेच शेण व मैला हवाबंद टाकीत कुजविला, तर जळणारा वायू मिळतो आणि उरलेल्या राड्याचे उत्तम खत होते. चूल आणि शेत दोघांचीही भूक भागते. रानातील लाकूडही वाचते. अशा वायुयंत्राचा त्यांनी पुरस्कार केला.

१९७१ साली अप्पासाहेब निवर्तले. मनुष्याकडून मैला उचलून घेण्यास पुढे १९९३ व २०१३ साली कायद्याने बंदी घालण्यात आली. मातीतून घेतलेले मातीला परत द्यावे, आणि ते देताना कोणाही मनुष्याची मान खाली जाऊ नये, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.