गणितात कच्चा शास्त्रज्ञ

दहावीला आपण शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधले. लोहाराच्या घरी १७९१ मध्ये जन्मलेले फॅराडे चौदाव्या वर्षी लंडनमध्ये पुस्तकबांधणी शिकू लागले. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले.

गणित जेमतेम आणि स्मरणशक्ती दगा देणारी, हे ते ओळखून होते. म्हणून प्रयोगांच्या नोंदी ते काटेकोरपणे ठेवत, पुढे त्यांना क्रमांकही घालू लागले. समीकरणे जमत नसल्याने त्यांनी बलरेषा कल्पिल्या. हात आणि नजर ही त्यांची खरी ताकद होती. तिथे त्यांनी कसूर केली नाही. त्या बलरेषांना गणिती रूप नंतर मॅक्सवेल यांनी दिले.

१८६७ मध्ये फॅराडे वारले. मुलांच्या गुणपत्रिकेवर सही करताना त्यांची आठवण ठेवू या.