मशिदीच्या अंगणातला तंबू

हिजरी ५ चा रमजान संपून शव्वाल लागला होता. इसवी सन ६२७. मक्केचे कुरैश आणि त्यांच्या मित्र टोळ्या मोठी फौज घेऊन मदिनेवर चालून आल्या होत्या. मूळचे इराणचे असलेले हजरत सलमान फारसी यांच्या सल्ल्यावरून मदिनेच्या मोकळ्या बाजूला खंदक खोदला गेला. अरबांना ही युक्ती नवी होती. दिवस कडाक्याच्या थंडीचे, घरांत धान्य नाही, आणि खंदकाच्या दोन्ही काठांवर माणसं आठवड्यांमागून आठवडे एकमेकांकडे बघत बसलेली. समोरासमोरची लढाई फारशी झालीच नाही, अधूनमधून बाण तेवढे सुटत. त्यातला एक बाण साद बिन मुआज यांच्या दंडाच्या मोठ्या शिरेत घुसला.

साद हे मदिनेतल्या औस टोळीचे प्रमुख. वय सदतिशीच्या आसपास. रक्त थांबेना, अशक्तपणा वाढत चालला, तेव्हा त्यांना एका बाईच्या तंबूत हलवण्यात आलं. तिचं नाव रुफैदा.

रुफैदा बिन्त साद या अस्लम टोळीच्या, म्हणून अल-अस्लमिया. (वडिलांचं नावही साद होतं, पण ते वेगळे.) आज मुस्लिम जगात पहिल्या परिचारिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधलं नर्सिंग कॉलेज त्यांच्या नावाचं आहे, बहरीनमधल्या वैद्यकीय विद्यापीठात नर्सिंगच्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावाने पारितोषिक देतात. अलीकडच्या लिखाणात तर त्यांच्या नावावर बरंच काही जमा झालंय: पहिलं फिरतं रुग्णालय, पहिली नर्सिंग शाळा, परिचारिकांसाठी आचारसंहिता. श्रद्धेने लिहिणाऱ्यांचा हात जरा सैल सुटतो तो असा. जुन्या ग्रंथांत रुफैदांविषयी मोजक्या ओळी आहेत, आणि त्या ओळी या सगळ्या बिरुदांपेक्षा वजनदार आहेत.

पैगंबर मुहंमद (स.) यांचं सर्वांत जुनं चरित्र इब्न इसहाक यांचं, आठव्या शतकातलं. त्यात रुफैदांविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या जखमींवर उपचार करत. आणि ज्यांचं बघणारं कुणी नाही अशांच्या सेवेला त्यांनी स्वतःला वाहून घेतलं होतं, मोबदला अल्लाहकडून मिळेल या भावनेने. दुसरं वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. त्या काळच्या मदिनेत बघणारं कुणी नसलेली माणसं थोडी नव्हती. मक्केहून घरदार सोडून आलेले मुहाजिर होते. मशिदीच्या एका बाजूला छपराखाली राहणारे, ना घर ना संसार असे ‘सुफ्फा’वाले होते. टोळी हेच ज्या समाजात घर, पोलीस ठाणं आणि दवाखाना, तिथे टोळीपासून तुटलेला माणूस आजारी पडला तर त्याच्या तोंडाशी पाण्याची वाटी कोण धरणार? रुफैदांच्या कामाची सुरुवात या प्रश्नापासून होते.

त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे, आणि थोडी खंतही. नवव्या शतकातल्या इब्न साद यांच्या चरित्रकोशात हाच मशिदीतला तंबू, हेच आजारी आणि जखमी, हेच साद बिन मुआज येतात. पण बाईचं नाव कुऐबा बिन्त साद असं दिलंय. दोघी बहिणी होत्या की एकच बाई दोन नावांनी नोंदली गेली, यावर अभ्यासकांनी तर्क केले आहेत. कोणत्या सरदाराची घोडी कोणत्या रंगाची होती हे ज्या परंपरेने जपून ठेवलं, तिला या बाईचं नाव मात्र एकाच प्रकारे सांगता आलं नाही. तिच्या तंबूत साद यांच्यासारखा मोठा माणूस आला नसता, तर कदाचित तेवढंही उरलं नसतं.

जखमींची शुश्रूषा करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या, हेही खरं. उहुदच्या लढाईत पैगंबरांच्या चेहऱ्यावर जखम झाली तेव्हा त्यांची कन्या हजरत फातिमा यांनी ती धुतली, आणि रक्त थांबेना तेव्हा चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेत भरली. रुबय्यि बिन्त मुअव्विज या सैन्याबरोबर जाऊन पाणी पाजत, जखमींना मदिनेला परत आणत. उम्म अतिय्या सात मोहिमांवर गेल्या. पण या बाया लढाईपुरत्या जात आणि घरी परतत. रुफैदांचा तंबू मशिदीत ठोकलेला होता, आणि तिथे जखमींबरोबर आजारीही येत. म्हणजे लढाई असो वा नसो, कुठे जायचं हे लोकांना ठाऊक होतं.

मशीद म्हटल्यावर डोळ्यांसमोर घुमट-मिनार आणू नयेत. मदिनेची ती मशीद कच्च्या विटांच्या भिंतींची, खजुरीच्या खोडांच्या खांबांची, वर झावळ्यांचं छप्पर आणि पुढे मोकळं अंगण. नमाज तिथेच, पंचायत तिथेच, बाहेरच्या टोळ्यांचे पाहुणे तिथेच. या गजबजलेल्या जागेत एक बाई परक्या पुरुषांच्या जखमा धूत होती, पट्ट्या बांधत होती, आणि त्याला पैगंबरांची संमती होती. मुलीने नर्सिंगला जावं का, रात्रपाळी करावी का, पुरुष पेशंटला हात लावावा का, यावर आजही अनेक घरांत वाद होतात, आणि फक्त मुसलमानांच्याच घरांत नव्हे. मुसलमानांच्या घरातल्या वादात तरी या तंबूची आठवण कुणीतरी काढायला हवी.

साद यांना तिथे ठेवण्याचं जे कारण नोंदलेलं आहे, ते औषधाचं नाही. पैगंबरांनी त्यांना जवळ ठेवायला सांगितलं, जाता-येता भेटता यावं म्हणून. इमाम बुखारी यांच्या ‘अल-अदब अल-मुफ्रद’ या ग्रंथात पुढचा तपशील येतो. पैगंबर संध्याकाळी तिथून जाताना साद यांना संध्याकाळ कशी गेली ते विचारत, सकाळी जाताना सकाळ कशी उगवली ते विचारत, आणि साद सांगत. एवढंच. रुफैदा कोणता पाला वाटत होत्या, जखमेवर काय बांधत होत्या, याचा एक शब्द तिथे नाही. रोजची दोन वेळची विचारणा आणि पेशंटने दिलेलं उत्तर, एवढं मात्र बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात लिहून ठेवलेलं आहे.

हा प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नाही. आपल्याकडे वॉर्डात शिरणारा प्रत्येक जण पेशंटला विचारतो ते असं की आता बरं वाटतंय ना. त्यातला ‘ना’ पेशंटचं उत्तर आधीच ठरवून टाकतो. बिचारा मान हलवतो. भेटायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? रात्र कशी गेली असं विचारलं की मात्र त्याला सांगावं लागतं: दोन वाजता जाग आली, मग कूस बदलता येईना, पहाटे घाम फुटला. औषध बदलायचं की नाही हे अशा उत्तरातूनच कळतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना हेच शिकवलं जातं: ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त संपेल असा प्रश्न टाळा, उत्तर येईपर्यंत थांबा, उभ्या उभ्या विचारू नका. अमेरिकेच्या हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावर एक पुस्तक लिहिलं आणि बोलणं हा उपचाराचाच भाग म्हणून अभ्यासक्रमात पक्का बसला. एकेका सिस्टरकडे चाळीस-चाळीस खाटा असल्या की तो सर्वांत आधी गळतो, ही गोष्ट वेगळी. त्याचा दोष त्या सिस्टरवर टाकणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात.

आजाऱ्याला भेटायला जाण्याला अरबी-उर्दूत ‘अयादत’ म्हणतात. उर्दूत दुसरा शब्द आहे ‘मिजाजपुर्सी’, म्हणजे मिजाज विचारणं. मराठीत ‘विचारपूस’. यातली फारसीची ‘पुर्सी’ आणि मराठीची ‘पूस’ एकाच प्राचीन धातूपासून आलेल्या, संस्कृतातला ‘प्रच्छ’ हा त्यांचा नातेवाईक. दोन्ही भाषांनी भेटीला नाव दिलं ते विचारण्यावरून. डब्यावरून किंवा फळांच्या पिशवीवरून दिलं नाही.

धीर देण्याविषयीही त्याच काळातला एक प्रसंग हदीसमध्ये आहे. एक म्हातारा बदाऊनी तापाने फणफणला होता. पैगंबर त्याच्याकडे गेले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले की काही काळजी नाही, अल्लाहने चाहिलं तर हा आजार पापं धुऊन नेईल. म्हातारा उसळला. हा ताप म्हाताऱ्या शरीरात उकळतोय आणि कबरीकडेच नेणार, असं त्याने सुनावलं. त्यावर पैगंबरांनी, ठीक आहे, मग तसंच, एवढंच म्हटलं. पुढच्या विवेचकांनी यात म्हाताऱ्याच्या निराशेला दिलेली समज पाहिली. पण आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पेशंटने सांत्वन नाकारलं, तेव्हा तेच सांत्वन त्याच्या गळ्यात पुन्हा बांधलं गेलं नाही.

साद यांच्या बाबतीत तर खोटा धीर चालणारच नव्हता. जखम पैगंबरांनी स्वतःच्या हाताने डागली होती. हात सुजला. पुन्हा डागली. रक्त थांबलं, तरी आतून काही जुळून आलं नव्हतं. साद यांनी आपली इच्छा लपवली नव्हती. कुरैशांशी अजून लढाया व्हायच्या असतील तर मला जगू दे, त्या संपल्या असतील तर याच जखमेतून मला ने, अशी त्यांची प्रार्थना सगळ्यांना ठाऊक होती. जगण्याची आणि मरण्याची अट अशी उघड बोलून बसलेल्या माणसाजवळ दिवसरात्र वावरणं सोपं नसतं. ते रुफैदांच्या वाट्याला आलं. पट्टी सोडताना नजर कुठे ठेवायची, प्रार्थनेचा विषय निघाला तर हात चालू ठेवायचा की थांबवायचा, हे असाध्य रोग्यांच्या वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला विचारावं.

एका रात्री जखम फुटली. मशिदीत बनू गिफार टोळीच्या लोकांचा आणखी एक तंबू होता. त्यांना आधी काही कळलं नाही. मग जमिनीवरून आपल्याकडे रक्त वाहत येताना दिसलं आणि ते घाबरून ओरडले की तुमच्याकडून हे काय येतंय. साद यांचं रक्त होतं ते. त्यातच ते गेले. त्यांच्या मृत्यूने अल्लाहचं सिंहासन हेलावलं, असं पैगंबरांनी म्हटल्याचं हदीसमध्ये आहे. साद यांच्या आईने मुलाचे गुण गात हंबरडा फोडला. मेलेल्यासाठी आक्रोश करण्यावर एरवी नापसंती असे, पण त्या दिवशी पैगंबरांनी त्या माउलीला गप्प केलं नाही. बाकीच्या शोक करणाऱ्या बाया खोटं बोलतात, सादची आई नाही, असं ते म्हणाल्याचं इब्न इसहाक यांनी नोंदवलंय.

रुफैदांच्या दुःखाची नोंद कुठेही नाही. ज्याची सेवा केली तो पेशंट गेला की परिचारिकेला काय वाटतं, हे लिहून ठेवायची पद्धत तेव्हा नव्हती आणि आताही फारशी नाही. चादर बदलली जाते, खाट पुसली जाते, पुढचा पेशंट येतो.

दोन वर्षांनी, हिजरी ७ मध्ये, खैबरची मोहीम निघाली. जखमींची देखभाल करण्यासाठी काही स्त्रियांनी बरोबर येण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. इब्न साद यांच्या कोशातल्या कुऐबा या मोहिमेत होत्या. मुस्लिम परंपरा सांगते की मशिदीतल्या तंबूच्या या बाईला तिथल्या लुटीत लढणाऱ्या पुरुषाइतकाच वाटा दिला गेला. तलवार न उचलता केलेल्या कामाची ती मजुरी होती, बरोबरीच्या दराने. त्यानंतर तिच्याविषयी काहीही लिहिलेलं आढळत नाही.