हायब्रीड ज्वारीवाले वसंतराव नाईक आणि सोयाबीनवरचा युरिया

हदगाव : पैनगंगा ओलांडली की उमरखेड, त्याच्या पुढं पुसद. त्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावात 1 जुलै 1913 रोजी बंजारा समाजातल्या फुलसिंग नाईकांच्या घरी वसंतरावांचा जन्म झाला. नागपूरला कायदा शिकले, पुसदला वकिली केली, 1952 ला आमदार झाले. 5 डिसेंबर 1963 पासून 1975 पर्यंत ते मुख्यमंत्री होते. सलग एवढी वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कोणी टिकलं नाही.

तो काळ धान्याच्या टंचाईचा. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची. आपली गावरान ज्वारी उंच. खत जास्त झालं की वाऱ्यानं आडवी व्हायची. 1964 ला सीएसएच-1 हे संकरित वाण आलं. बुटकं ताट, युरिया पचवायचं अन् कणसात उतरवायचं. वसंतरावांनी ते गावोगावी नेलं. पावसात दाणा काळा पडायचा, कडबा कमी निघायचा, म्हातारी माणसं भाकरीला नाकं मुरडायची. तरी ते मागं हटले नाहीत. त्यांच्याच काळात, 18 मे 1972 ला परभणीचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं.

युरियाची सवय आपल्याकडं लागली ती याच हायब्रीडच्या काळात. ज्वारीसाठी ते बरोबरच होतं. ज्वारी गवताच्या कुळातली, सगळं नत्र जमिनीतून ओढते. तिला हेक्टरी 80 किलो नत्राची शिफारस आहे. आता वावरात सोयाबीन आलंय, त्याला शिफारस फक्त 30 किलोची. एकरी डीएपीची एक बॅग दिली तर 9 किलो नत्र अन् 23 किलो स्फुरद त्यातच मिळतं. बाकीचं नत्र मुळांच्या गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतून देतात. वरून युरिया फेकला की गाठी कमी धरतात, झाड नुसतं माजतं अन् पैसे जातात ते वेगळेच. जुनी माणसं ज्वारीत तुरीचं तास टाकायची ते उगीच नव्हतं.

यंदा पेरणीनंतर महिन्याभरानं सोयाबीनचं एक झाड मुळासकट हळूच खणून काढा. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी निघाली तर ती काम करतेय, युरियाची बॅग दुकानातच राहू द्या. गाठीच नसतील तर पुढच्या पेरणीला बियाण्याला रायझोबियम चोळा.